पाठमोऱ्या बाई

आमच्या बाई कार्यक्रमात लोकांकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि आमच्याकडे पाठ. जगात सगळीकडे उलटं असतं म्हणे. गाणं चालवणारा गाणाऱ्यांकडे बघतो आणि लोकांना त्याची पाठ दिसते. हे बाईंना समजावायला कोणी गेलं की त्या म्हणायच्या, "तोंडं पाह्यली का मले आवाज ऐकू येत नाही. अन् तुमच्या तोंडात पाहाले हाये तरी काय? सकाळपासून तेच पाहून राहिली."

त्यामुळे पहिल्यांदा ऐकायला आलेल्या माणसाची हमखास फजिती व्हायची. त्याला वाटायचं, गाणार त्या ह्याच बाई, मागची मंडळी साथीला. मग बाई डोक्याच्याही वर हात नेऊन एक काडी हलवायच्या आणि गाणं मागून सुरू व्हायचं. ह्यांचं तोंड मिटलेलंच. चिखलदऱ्याला हवा खायला आलेल्या एका वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "या बाई ओठ न हलवता कशा काय गातात हो?" मी म्हटलं, "सवय आहे त्यांना." ते बिचारे मान डोलवत गेले.

ती काडी कडुलिंबाची असायची. सकाळी शेंडा दगडानं ठेचून तिनंच दात घासायच्या, मग स्वच्छ धुऊन तीच दिवसभर हातात. एका मास्तरांनी अकोल्याहून चांगली पॉलिश केलेली छडी आणून दिली, तर बाईंनी ती स्वयंपाक करणाऱ्या मावशींना माकडं हाकलायला दिली.

उन्हाळ्याच्या सुटीत चिखलदऱ्याला एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत बाईंचा समूहगानाचा वर्ग भरायचा. बाई अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि हा वर्ग म्हणजे त्यांचं खरं वेड. अमरावती-अकोल्याकडचे मास्तर, मास्तरणी, कारकून, भजनी मंडळातली माणसं, असा सगळा मेळा मे महिन्यात एसटीनं घाट चढून यायचा. शिकायचं आणि आपापल्या गावी जाऊन चार माणसं गायला लावायची, हा हेतू. आपल्याकडे दहा माणसं गायला बसली की दहाही एकच चाल म्हणतात. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या गाण्यात वरच्या आवाजाची चाल वेगळी, खालच्या आवाजाची वेगळी, आणि दोन्ही एकाच वेळी. हे त्या कुठं शिकल्या? विचारलं की एकच उत्तर, "खिडकीबाहेर." लहानपणी परतवाड्याला गिरजाघराच्या खिडकीबाहेर उभं राहून त्या ऐकायच्या, एवढंच आम्हाला कळलं. आत का नाही गेल्या, विचारलं तर म्हणाल्या, "आत गेली असती तं गावं लागलं असतं. मले ऐकाचं होतं."

लग्न केलं नव्हतं. त्या काळात हे विचारल्यावाचून कोणी राहत नसे आणि बाईही उत्तर दिल्यावाचून राहत नसत. "टाइमच नाही भेटला," म्हणायच्या, जणू बँकेत जायचं राहून गेलं.

वर्गात त्या कोणालाही नावानं हाक मारायच्या नाहीत. गावानं मारायच्या. "ए चांदूर बाजार, आवाज दाबू नको." "दर्यापूर, झोपलं काय?" गाव सांगितलं की आडनाव सांगावं लागत नाही, आणि आडनाव नाही सांगितलं की पुढचं काहीच विचारता येत नाही. हे त्या मुद्दाम करायच्या की नावं लक्षात राहत नसत म्हणून, देव जाणे. पण पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं, हा प्रश्न त्या शाळेत कधी निघाला नाही. मूर्तिजापूरचे एक तरुण गुरुजी होते, दोनच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. ते आम्हा सगळ्यांसाठी 'मूर्तिजापूर'. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही.

खाण्यापिण्यात तर बाईंचं सगळंच अफलातून. गाणारी माणसं घसा जपतात, आंबट-तिखट टाळतात. बाई सकाळी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायच्या आणि आम्हालाही चारायच्या. "नाकातून पाणी आलं का समजाचं घसा उघडला." आमच्यातली एक नाजूक मास्तरीण रडली ठेच्यानं. त्या दिवशी ती खरंच सुरेख गायली हो, खोटं कशाला बोलू.

भजनी मंडळींनी मात्र बाईंना पहिल्या संध्याकाळी घाम फोडला. चांदूर बाजारचे एक काका आणि त्यांच्याबरोबरचे गडी जन्मभर भजन म्हणत आलेले. बुवानं ओळ म्हणायची, मागच्यांनी तीच उचलायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बाईंनी पहिली ओळ सांगितली, त्यांनी उचलली. बाई म्हणाल्या, "तुमी नाही, आधी वरचे." त्यांनी सुरात म्हटलं, "तुमी नाही, आधी वरचे!" बाई म्हणाल्या, "अरे थांबा!" ह्यांनी हात वर करून, "अरे थांबाऽऽ!" आणि वर टाळ्या. आम्ही हसून लोळलो. बाई काडी घेऊन त्यांच्यासमोर गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्या बोलेनात, तर ह्यांना उचलायला काही सापडेना. अशी शांतता झाली तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "झालं? आता आपल्या मनानं म्हणा." काका अगदी घाबरले. "मनानं? पुढे कोणीच नाही?" "कोणीच नाही." काकांनी टोपी काढून परत घातली. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे कोणी नव्हतं.

आता आवाज निवडण्याची पद्धत सांगते, कारण माझी गोष्ट तिथूनच सुरू होते. बाई कोणालाच गाऊन दाखवायला सांगत नसत. शाळेमागे एक उतार होता. त्या उतारावर लांब उभं करायच्या आणि म्हणायच्या, "तू वावरात हाये. घर तिकडे हाये. भूक लागली. मायले हाक मार." स्वतः पाठ करून उभ्या. ज्याला 'मला गाता येत नाही' म्हणायचं असेल त्याचीही सोय उरायची नाही, कारण आईला हाक कोणाला मारता येत नाही?

मी मात्र घाबरले. माझा आवाज खालचा, जाड. माझे वडील अमरावतीच्या बाहेर फुलांचा मळा करायचे, घरी आम्ही सगळे हार गुंफायचो. दारात आलेलं गिऱ्हाईक आतून माझा आवाज ऐकून म्हणायचं, "भाऊ, दोन हार दे." मी दोन हार घेऊन बाहेर आले की ते ओशाळायचं. लहानपणापासून माय म्हणायची, "हळू बोल वं, हळू बोल." दोन स्थळं त्याच्यावरून गेली होती. मुलगी बघायला आले, नाव विचारलं, मी सांगितलं, आणि पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हापासून मी कुजबुजायलाच लागले होते. प्राथमिक शाळेत नोकरी होती म्हणून वर्गावर मोठ्यानं बोलायचे, नाही तर तेही नाही.

तर उतारावर उभी राहिले आणि हाक मारली, "ओ माय वंऽऽ!" स्वयंपाकाच्या मावशी बाहेर येऊन बघायला लागल्या की कोण गडी आला. बाई वळल्या नाहीत. काडी मागच्या मागे डावीकडे दाखवून म्हणाल्या, "तिकडे."

डावीकडे पुरुष उभे होते.

मला वाटलं बाईंनाही गडीच वाटला. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, मी आहे." त्या म्हणाल्या, "माहीत हाये. बाईच हाये तू. पण गळा खालच्या मजल्यावरचा हाये, मंग राहाले वर कायले जातं?" झालं. मी चांदूर बाजारचे काका आणि मूर्तिजापूरचे गुरुजी ह्यांच्या मध्ये. बाकीच्या बायका वर, मी एकटी खाली. दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "पोरी, तू गाते तवा मले माहा सूर सापडते. तू गप राहते तवा मी हरपतो." मला कोणी असं म्हणेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्या दिवसापासून तोंड भरून गायला लागले. काय सांगू, आवाज मोठा केला तरी कोणी 'हळू' म्हणत नव्हतं! मला दिवस पुरेनात.

शेवटच्या संध्याकाळी कार्यक्रम असायचा. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला बंगले भाड्यानं घेऊन राहिलेली मंडळी ऐकायला यायची. त्या दिवशी दुपारी माझा दादा एसटीनं येऊन थडकला. मला शाळेच्या मागे घेऊन गेला आणि म्हणाला, "अकोल्याचे पाहुणे इथंच आले हायेत हवा खायले. मुलाचे वडील अन् आत्या. आज गाण्यातच तुले पाहून घेतो म्हणाले, चहापोहे नको."

हे स्थळ मला हवं होतं. उगीच आढेवेढे कशाला घेऊ. मुलगा अकोल्याला सरकारी कचेरीत होता. एकदा मळ्यावर येऊन गेला होता, झेंडूच्या ताटव्यात सायकल घातली म्हणून वडिलांची माफी मागत होता, आणि मी खिडकीतून बघितलं होतं. वर्षभर ते बोलणं चाललं होतं. माझं वय वाढत चाललेलं, मायची झोप उडालेली. हे तिसरं स्थळ गेलं असतं तर चौथं येतं की नाही, कोणाला माहीत.

दादा म्हणाला, "बायायत उभी राहाजो. अन् आवाज काढू नको. नुसते ओठ हालव." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या माणसायच्या रांगेत पाहिलं मी तुले आता आलो तवा. कोण हाये तो बाजूचा, माहीत हाये नं?" दादाला पुरुष खुपले की त्यातला तो एक खुपला, हे त्यानं नंतरही कधी धड सांगितलं नाही.

मी बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाई काडी धूत होत्या. म्हणाल्या, "स्थळ चांगलं हाये?" म्हटलं, "हो." "तुले पाहिजे?" "हो." काडी झटकली. मग म्हणाल्या, "कुठं उभं राहाचं ते मी सांगून चुकली. आता तुहं तू पाहा." ना हो, ना नाही. मला इतका राग आला. हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा!

मी बायकांत उभी राहिले. नवं पातळ नेसले होते, केसात मोगरा. समोर पहिल्याच रांगेत दादा, त्याच्याशेजारी पाहुणे आणि सोनेरी काठाच्या लुगड्यातल्या आत्याबाई. बाई नेहमीप्रमाणे लोकांकडे तोंड करून उभ्या. मी कुठं आहे ते त्यांना दिसणारच नव्हतं.

गाणं बाईंनीच जुळवलेलं होतं, विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायकांचं. वरचे आवाज सगळी कहाणी सांगायचे, पाणी किती खोल गेलं, घागर कोणाची, माहेर कुठल्या दिशेला. खालच्यांना एवढंच, "ओढ बाई ओढ." पुन्हा पुन्हा तेच.

पहिलं कडवं झालं. मी ओठ हलवत होते. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच बाईंची काडी खाली आली. आम्ही गप्प. बाई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "खालून पाणी गळून राहिलं." मग लोकांना म्हणाल्या, "जरा दम धरा बाप्पा. आमचं एक माणूस आपल्या जागी नाही. येते आता." आणि उभ्या राहिल्या. हात खाली, काडी खाली.

कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. दादा माझ्याकडे बघून मान हलवत होता, नाही, नाही. आत्याबाई इकडेतिकडे बघत होत्या, कोण ते माणूस. बाईंनी माझं नाव घेतलं नाही, गावही घेतलं नाही. मी जिथं आहे तिथं राहिले असते तर कोणाला कधी कळलंही नसतं.

तेवढ्यात चांदूर बाजारचे काका उजवीकडे सरकले आणि मूर्तिजापूरचे गुरुजी डावीकडे. दोघंही समोर बघत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. नुसती मध्ये जागा केली, एका माणसापुरती. मी धीट वगैरे काही नव्हते. पण ती मोकळी जागा मला बघवेना. मी बायकांतून निघाले, सगळा मंच ओलांडून गेले आणि तिथं उभी राहिले. माझी पावलं थांबली तशी बाईंची काडी वर गेली.

गायले मी. लपवायचं आता राहिलंच काय होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर दादानं निरोप सांगितला. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी नाकीडोळी बरी हाये. पण आमच्या घरी माणसं चिक्कार हायेत, आमाले सून पाहिजे." मी घाट उतरेपर्यंत रडले. बाई त्याच गाडीत पुढच्या बाकावर होत्या, मागे वळून बघितलंही नाही त्यांनी. लग्न माझं पुढे झालं, उशिरा झालं, त्याची गोष्ट वेगळी. पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं ना. तेव्हा एवढंच कळत होतं की ह्या बाईनं माझं आयुष्य मोडलं. अमरावतीत त्या लांबून दिसल्या तरी मी गल्ली बदलायचे.

असं चाललेलं असताना एका दुपारी बाई उन्हातान्हात आमच्या मळ्यावर हजर. माय ओसरीवर ओल्या फडक्यात मोगऱ्याचा ढीग घेऊन हार गुंफत होती, मी तिच्यासमोर. मायनं बघितलं, ओळखलं, आणि सुईत दोरा घालत राहिली. बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसालाच कळेल. बाई आपल्या हातानं माठातलं पाणी घेऊन प्यायल्या आणि येऊन खाली बसल्या.

"मी माफी मागाले नाही आली," म्हणाल्या.

"मंग कायले आल्या?" माय.

"तुमी रागावल्या असान म्हणून आली. राग तोंडावर सांगा. ही पोट्टी मले पाहून रस्ता बदलून राहिली, ते मले आवडलं नाही."

मायनं हार खाली ठेवला. "तुमी माह्या पोरीचं लग्न मोडलं."

"हो. मोडलं."

"गाणं काय, उद्याही म्हणता येते. एक दिवस तिच्याविना म्हटलं असतं तं काय आभाळ पडलं असतं? पोरीचं वय थांबते काय?"

"नाही थांबत," बाई म्हणाल्या, आणि ढिगातली फुलं घेऊन हार गुंफायला लागल्या. वाकडातिकडा गुंफत होत्या. माय बघत राहिली, तिनं तो हिसकावून घेतला नाही एवढंच.

मग माय माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गाणं होतं तं ते? म्हणून दाखव. कायच्यापायी गेलं स्थळ, मले तरी समजू दे."

घरात मी कधी गायले नव्हते. मायसमोर तर नाहीच. मी मान खाली घालून म्हटलं, "ओढ बाई ओढ, ओढ बाई ओढ, ओढ बाई ओढ."

"अन् पुढे?"

"पुढे हेच."

"एवढंच?"

"एवढंच, माय."

मायनं बाईंकडे असं बघितलं, की खाली सडकी संत्री, वर चांगली लावून विकणाऱ्याकडेही कोणी बघणार नाही. "एवढ्यासाठी? ओढ बाई ओढ, एवढ्यासाठी माह्या पोरीचं घर गेलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं धरणी दुभंगावी.

बाई म्हणाल्या, "पुन्हा म्हण. थांबू नको."

मी सुरू केलं. आणि बाई गायला लागल्या. मी त्यांना कधीच गाताना ऐकलं नव्हतं. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, बारीक, वर गेला की थरथरायचा. पण त्या वरची चाल म्हणत होत्या, पाणी किती खोल गेलं, घागर कोणाची, माहेर कुठल्या दिशेला, आणि जिथं जिथं आवाज डगमगेल तिथं मी खाली होते. मी जरा जोर लावला की त्या निर्धास्त वर जायच्या. आमच्या ओसरीवर दोनच बाया, पण आवाजानं मळा भरला हो. मायचा हात मोगऱ्यात तसाच राहिला होता.

गाणं संपलं. मग माय बाईंना म्हणाली, "तुमी आता थांबा वो. तिचं तिले एकटीले म्हणू द्या."

मी पुन्हा म्हटलं, ओढ बाई ओढ, नुसतं तेवढंच. माय डोळे मिटून ऐकत होती, आणि तिची मान डोलत होती ती त्या वरच्या चालीवर.